पुण्याची नोकरी घेतली तर मी आनंदी होईन का?

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. इतर वाचकांसाठी तो थोडक्यात असा : आपण ३६ वर्षांचे आहात, नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात स्वतःच्या घरात आई-वडील, पत्नी आणि सहा वर्षांच्या मुलीसह राहता आणि तेथील मिहान या उद्योगक्षेत्रात नोकरी करता. घराचे कर्ज जवळजवळ फिटले आहे, मागील वर्षी नवी गाडी घेतली, प्रकृतीची मोठी तक्रार नाही. तरीही ‘कशातच आनंद वाटत नाही’ आणि रविवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास तर उगाचच उदास वाटते. आता हिंजवडीतील एका कंपनीने दीडपट पगार देऊ केला आहे. माणसाचा आनंद पैशावर, शहरावर की जन्मजात स्वभावावर अवलंबून असतो, आणि पुण्याला गेल्याने तो वाढेल का, असे आपण विचारले आहे.

मी नागपुरात २२ वर्षे समुपदेशनाचे काम करते आहे. ‘सगळे ठीक आहे, तरी बरे वाटत नाही’ हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते, आणि ते बोलणाऱ्याला बहुधा अपराधी वाटत असते, कारण बोट ठेवून दाखवावे असे दुःख त्याच्याजवळ नसते. आपणही शेवटी ‘रडगाणे वाटल्यास क्षमस्व’ असे लिहिले आहे. क्षमा मागण्यासारखे त्यात काहीही नाही. पुण्याला जावे की नाही, याचे उत्तर मी देऊ शकणार नाही. ते आपल्या आई-वडिलांची प्रकृती, पत्नीचे काम, आताच्या नोकरीची शाश्वती अशा अनेक गोष्टींवर ठरेल, आणि त्या मला येथून दिसत नाहीत. मात्र ज्या आशेने आपण तिकडे पाहत आहात, ती कितपत खरी ठरू शकेल, हे सांगता येईल.

माझ्या मते आपल्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत, आणि मराठीत त्यांना वेगवेगळे शब्द आहेत. एक समाधान आणि दुसरे करमणे. समाधान हा हिशेबाअंती दिलेला निकाल असतो : शिक्षण झाले, नोकरी लागली, घर झाले, मुलगी गुणी आहे, म्हणजे आयुष्य बरे चालले आहे. करमणे ही दिवसाच्या तासातासाची गोष्ट आहे आणि तिला हिशेब लागत नाही. एखाद्याचा हिशेब उत्तम जुळलेला असतो आणि दिवस मात्र करमत नाही. आपले बहुधा तसेच झाले आहे. अडचण अशी की ज्याला करमत नाही, त्याला कारण विचारले तर ते चटकन सांगता येत नाही, आणि मग तो समाधानाच्या यादीतीलच एखादी बाब कारण म्हणून पुढे करतो : पगार कमी आहे, शहर लहान आहे, घर जुने आहे. ती बाब बदलली की यादी सुधारते, पण दिवस तसाच राहतो. आपली नवी गाडी महिनाभर पुरली, असे आपणच लिहिले आहे.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. २०१२ पासून प्रसिद्ध होणारा जागतिक आनंद अहवाल, ज्यात २०१८ पासून फिनलंड पहिला येत आहे आणि भारत अनेक वर्षे शंभराच्या पुढेच आहे, तो प्रामुख्याने समाधान मोजतो. शून्य ते दहा पायऱ्यांची एक शिडी कल्पून आपण आज कितव्या पायरीवर आहोत, एवढेच त्यात लोकांना विचारले जाते. त्या दिवशी ते हसले का, त्यांना काळजी वाटली का, हे निराळे प्रश्न असतात आणि त्यांची उत्तरे शिडीच्या उत्तराशी नेहमी जुळत नाहीत. म्हणून ‘भारतीय माणूस दुःखी आहे’ असा जो अर्थ त्या क्रमांकावरून काढला जातो, तो मला घाईचा वाटतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोलकात्यातील झोपडपट्टीत आणि पदपथावर राहणाऱ्या लोकांशी बोलून त्यांचे समाधान मोजले गेले. एकूण आयुष्याविषयीचे त्यांचे मत फारसे चांगले नव्हते, आणि त्यात आश्चर्यही नाही. पण कुटुंब आणि मित्र यांच्याविषयी विचारले तेव्हा बाहेरच्या माणसाला वाटेल त्यापेक्षा ते बरेच समाधानी आढळले. गरिबीत सुख असते, असे मी मुळीच म्हणत नाही. एकाच माणसाच्या आयुष्यातील वेगवेगळ्या बाजू वेगवेगळ्या दराने भरतात आणि रिकाम्या होतात, एवढेच मला सांगायचे आहे.

आता पैसा. पैशाने आनंद मिळत नाही, हे वाक्य मी कोणत्याही रुग्णाला सांगत नाही, कारण ते खरे नाही. घरात औषधाचा खर्च पेलत नसेल किंवा मुलांच्या शुल्काची तारीख जवळ आली की झोप उडत असेल, तर पगार वाढल्याने दिवस खरोखर हलका होतो. २०१० मध्ये डॅनियल काहनेमन आणि अँगस डीटन यांनी अमेरिकेतील सुमारे साडेचार लाख उत्तरांवरून असे मांडले की वार्षिक ७५ हजार डॉलरच्या आसपास रोजची मनःस्थिती सुधारणे थांबते, समाधान मात्र वाढत राहते. २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांना तसा थांबा दिसला नाही. मग २०२३ मध्ये काहनेमन आणि किलिंग्जवर्थ यांनी एकत्र बसून आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा उलगडले की बहुतेकांची मनःस्थिती उत्पन्नाबरोबर वाढतच जाते, पण जे मुळात सर्वांत कमी आनंदी आहेत, अशा साधारण पाचव्या हिश्श्यातील लोकांची एका मर्यादेनंतर वाढत नाही. हे डॉलरचे आकडे रुपयांत रूपांतरित करून वापरू नयेत. आपल्याकडील खर्च आणि कुटुंबाची रचना निराळी आहे. त्यातील दोन गोष्टी मात्र येथेही लागू पडतात, असे माझा अनुभव सांगतो. एक म्हणजे, फरक रुपयांनी नव्हे तर पटीने पडतो. वीस हजारांचे चाळीस झाल्यावर जेवढे बरे वाटते, तेवढेच पुन्हा वाटण्यासाठी चाळीसचे ऐंशी व्हावे लागतात. दुसरी म्हणजे, करमत नसण्याचे कारण पैशात नसेल, तर पैसा ते भरून काढत नाही. आपल्या दीडपट पगारातून पुण्याचे भाडे आणि दर सुट्टीला नागपूरला येण्या-जाण्याचा खर्च वजा करा, मुलीची नवी शाळाही त्यात धरा, आणि उरेल ती वाढ कोणत्या काळजीवर लागणार आहे, हे स्वतःला विचारा. नाव घेता येईल अशी काळजी सापडली, तर पैसा हे पुण्याला जाण्याचे चांगले कारण आहे.

सवयीविषयी थोडे अधिक लिहिते, कारण आपल्या प्रश्नाचे मूळ तेथे आहे असे मला वाटते. १९७८ चा लॉटरीविजेत्यांचा अभ्यास बहुतेकांनी ऐकलेला असतो : लॉटरी लागलेले लोक इतरांपेक्षा विशेष आनंदी आढळले नाहीत. त्यात अवघे २२ विजेते होते, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. स्वीडनमधील बऱ्याच मोठ्या अभ्यासात, जो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, मोठी रक्कम जिंकलेल्यांचे समाधान अनेक वर्षांनंतरही वाढलेले दिसले; रोजच्या आनंदावर झालेला परिणाम मात्र अगदी थोडा होता. म्हणजे माणसाला सगळ्याचीच सवय होते, हे पूर्ण सत्य नाही. जी गोष्ट एकदाच बदलते आणि मग तशीच राहते, तिची सवय लवकर होते : गाडी, सोफा, पदनाम, खिडकीतून दिसणारा देखावा. जी रोज नव्याने घडते, कधी बरी तर कधी वाईट, तिची सवय नीट होत नाही. रोजच्या प्रवासाचा त्रास असा आहे. घरातील धुसफूस, टोचून बोलणारा वरिष्ठ आणि अपुरी झोप यांचेही तसेच; आणि चांगल्या बाजूने, मनमोकळ्या माणसाशी रोज होणारे दहा मिनिटांचे बोलणेही तसेच. नोकरी जाण्याचा घाव तर नवी नोकरी मिळाल्यावरही पूर्ण भरत नाही, असे जर्मनीत वर्षानुवर्षे त्याच लोकांचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासात दिसले आहे. त्यामुळे नव्या नोकरीची शाश्वती हा पगाराइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे.

शहराविषयी एक अभ्यास आपल्यासाठीच केला असावा, इतका जुळतो. १९९८ मध्ये डेव्हिड श्केड आणि काहनेमन यांनी कॅलिफोर्नियातील आणि अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील विद्यार्थ्यांना विचारले की आपण किती समाधानी आहात, आणि आपल्यासारखा माणूस दुसऱ्या भागात किती समाधानी असेल. दोन्हीकडचे विद्यार्थी सारखेच समाधानी होते, पण कॅलिफोर्नियातील माणूस अधिक समाधानी असणार, असे दोन्हीकडच्यांना वाटत होते. कारण तुलना करताना हवामानासारखा ठळक फरक डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्ष जगताना मात्र दिवस हवामानात जात नाही, तो कामात, घरात आणि माणसांत जातो. आपण नागपूरच्या उन्हाविषयी चार ओळी लिहिल्या आहेत. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला आणि रात्री वीज जाऊन कूलर बंद पडला की झोपेचे काय होते, हे मीही दरवर्षी अनुभवते, आणि मे-जूनमध्ये चिडचिडीच्या तक्रारी घेऊन येणारे लोक वाढतात, हे माझ्या पाहण्यातले आहे. तरीही आपली उदासी मेमधील नाही. ती रविवारी संध्याकाळी पाच वाजताची आहे, आणि आपल्या म्हणण्याप्रमाणे ती डिसेंबरातही होती.

आता ज्या एका वाक्याजवळ मी दोन्ही वेळा थांबले, ते सांगते. आपल्या लांबलचक प्रश्नात, गाडी आणि कर्ज यांच्या मध्ये, आपण ओझरते लिहिले आहे : ‘कॉलेजचे मित्र आता सगळे पुण्याला किंवा बाहेर आहेत.’ त्यानंतर मित्रांचा उल्लेख नाही. पूर्वी रविवारी संध्याकाळी पाच वाजता आपण कोठे असायचात? फुटाळा तलावावर, धरमपेठेत, कोणाच्या तरी गच्चीवर? मी चुकत असेन, पण आपल्याला पुणे जे देईल असे वाटते आहे, ते पगारपत्रकातले नसून त्या संध्याकाळचे असावे.

हे मी अंदाजाने म्हणत नाही, एका अनुभवावरून म्हणते. ओळख पटू नये म्हणून त्यातील तपशील बदलले आहेत. पन्नाशीच्या एक बाई झोप येत नाही म्हणून माझ्याकडे आल्या होत्या. इतवारीतील तीन पिढ्यांचे, दाटीवाटीचे घर सोडून त्यांचे कुटुंब मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले होते, आणि हे स्थलांतर त्यांनीच आग्रहाने घडवून आणले होते. नवे स्वयंपाकघर मोठे होते, नळाला चोवीस तास पाणी होते, सासरच्या वीस माणसांची वर्दळ संपली होती. त्यांना तक्रार म्हणून काही सांगताच येईना. मी त्यांना दोन आठवडे एक वही लिहायला सांगितली : दिवसाचे भाग पाडायचे, त्या वेळी काय करत होतो आणि सोबत कोण होते ते लिहायचे, आणि बरे वाटण्याला शून्य ते दहा गुण द्यायचे. त्यांनी ती निळ्या शाईने, अगदी नेटकी लिहून आणली. दुपारी चार ते सात या चौकटीत चौदा दिवसांपैकी अकरा दिवस दोनच शब्द होते : ‘काही नाही.’ सोबतीच्या रकान्यात रेघ. जुन्या घरी त्या वेळी काय करायचात, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, काही नाही हो, ओट्यावर बसायचो. मग थांबल्या, आणि त्या ओट्यावर कोण कोण असायचे, हे पुढची वीस मिनिटे सांगत राहिल्या : निवडायला घेतलेली भाजी, समोरच्या काकू, शाळेतून येणारी पोरे, ज्यांच्याशी जन्मभर भांडण झाले त्या जाऊबाईसुद्धा. घर सोडताना त्यांनी स्वयंपाकघर आणि पाणी मोजले होते. ओटा मोजला नव्हता, कारण ओटा ही मोजण्याची गोष्ट आहे, हेच कोणाला ठाऊक नसते. त्या परत इतवारीला राहायला गेल्या नाहीत. आठवड्यातून दोनदा सीताबर्डीला मेट्रो बदलून त्या तिकडे जाऊ लागल्या, आणि इमारतीतल्या तीन बायकांसह खालच्या बाकावर भाजी निवडायला बसू लागल्या. झोप सुधारायला सुमारे दोन महिने लागले. ती केवळ एवढ्याने सुधारली, असा दावा मी करणार नाही; त्यांच्या झोपेच्या वेळाही आम्ही बदलल्या होत्या.

माणसांच्या सहवासाचा आनंदाशी असलेला संबंध हा या क्षेत्रातील सर्वांत टिकाऊ निष्कर्षांपैकी एक आहे. हार्वर्डमध्ये १९३८ मध्ये सुरू झालेल्या आणि ७२४ पुरुषांचे आयुष्य दशकानुदशके नोंदवणाऱ्या अभ्यासात, पन्नाशीत ज्यांचे नातेसंबंध समाधानाचे होते ते ऐंशीत अधिक निरोगी आढळले. येथे एक सावधगिरी हवी. आनंदी आणि निरोगी माणसाला नाती जुळवणेही सोपे जाते, त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे पूर्णपणे वेगळे करता येत नाही. दोन्ही एकमेकांना ओढत असतात. शिवाय सहवास म्हणजे गर्दी नव्हे. आपल्या घरात पाच माणसे आहेत, आणि रात्री जेवताना प्रत्येकाच्या हातात मोबाईल असतो, असे आपणच लिहिले आहे. एकत्र कुटुंबात राहणाऱ्या माणसाला एकटेपणा असू शकत नाही, ही समजूत मला अनेकदा मोडून काढावी लागते.

स्वभावाविषयी आपण विचारले आहे, ‘मी जन्मतःच असा असेन का?’ जुळ्यांच्या अभ्यासांतून असे दिसते की समाधानाच्या बाबतीत माणसामाणसांत जो फरक असतो, त्याचा साधारण तिसरा हिस्सा आनुवंशिकतेशी जोडता येतो. याचा अर्थ आपल्या आनंदाचा तिसरा हिस्सा गोठलेला आहे, असा नाही. हे प्रमाण लोकसमूहातील फरकाचे आहे, एका माणसाचे नाही. ‘५० टक्के जन्मजात, १० टक्के परिस्थिती, ४० टक्के आपल्या हातात’ हे समीकरण आपल्या वाचनात आले असेल. ते २००५ च्या एका लेखातून आले आहे, आणि व्यक्तीच्या बाबतीत ते तसे वाचणे चूक आहे. परिस्थितीला अवघे दहा टक्के देऊन दुःखी माणसाला ‘तुझ्याच हातात आहे’ असे सांगणे मला क्रूरपणाचे वाटते. ज्या सुनेला घरात रोज अपमान सहन करावा लागतो, तिला कृतज्ञतेची डायरी लिहायला सांगण्यापूर्वी तो अपमान कसा थांबेल, हे पाहावे लागते. स्वभावाने शांत, अंतर्मुख असणाऱ्याला दहा मित्र लागत नाहीत, एखादा पुरतो; स्वभावाचा प्रश्न मी एवढ्यापुरताच विचारात घेते.

एक गोष्ट मात्र आपण आधी तपासून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. सलग दोन आठवडे किंवा अधिक काळ दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास राहत असेल किंवा पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतही रस उरला नसेल, आणि त्याबरोबर झोप किंवा भूक बदलली असेल, थकवा असेल, लक्ष लागत नसेल, स्वतःविषयी हीन वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकते. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ यांच्या रक्ततपासण्याही आपल्या डॉक्टरांना विचारून करून घ्याव्यात. विशेषतः शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता बरीच आढळते आणि थकवा-उदासीचे रूप घेऊन येते. जगणे नकोसे वाटण्याचा विचार कधी मनात येत असेल, तर या सगळ्या चर्चेसाठी थांबू नका. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा शासकीय क्रमांक चोवीस तास आणि विनामूल्य उपलब्ध आहे, आणि तेथे मराठीतही बोलता येते.

तसे काही नसेल, तर निर्णयापूर्वी आपणही ती वही दोन आठवडे लिहावी. या पद्धतीचे मोठे रूप संशोधनातही वापरले गेले आहे. २००४ मध्ये टेक्सासमधील ९०९ नोकरदार स्त्रियांनी आपला आदला दिवस असा तुकड्यातुकड्यांनी नोंदवला, तेव्हा कामावर जाण्या-येण्याचा प्रवास सर्वांत नकोशा वेळांत आला आणि कामानंतर जिवलगांबरोबर घालवलेला वेळ सर्वांत हव्याशा वेळांत. रात्री दहा मिनिटे पुरतात. ‘मी आनंदी आहे का’ हा प्रश्न वहीत लिहू नका; केवळ काय, कोणासोबत आणि किती गुण. चौदा दिवसांनी सर्वांत वरचे आणि सर्वांत खालचे तास एकत्र लिहून काढा, आणि प्रत्येकापुढे ‘पुण्यात याचे काय होईल’ ते लिहा. मुलीला शाळेत सोडण्याच्या वीस मिनिटांना आठ गुण मिळत असतील, तर हिंजवडीच्या वेळापत्रकात ती वीस मिनिटे राहतील का? वडिलांसोबतचा सकाळचा चहा तीन गुणांचा निघाला, तर तेही प्रामाणिकपणे लिहा. आपल्या पत्नीच्या घरगुती शिकवणीवर्गांचा उल्लेख आपण केला आहे. त्यांनीही स्वतःची वही लिहावी, कारण आपला ओटा आणि त्यांचा ओटा एकाच गावात असेलच, असे नाही.

आणि मित्रांविषयी एक व्यावहारिक गोष्ट. पुण्यात कोण मित्र कोठे राहतो, हे नकाशावर पाहा. हिंजवडीत नोकरी असणारा आणि खराडी-वाघोलीकडे राहणारा, हे शहराच्या दोन टोकांना असतात, आणि कामाच्या दिवशी संध्याकाळी त्यांची भेट होणे नागपूरहून फोन करण्यापेक्षा फारसे सोपे नसते. दोन मित्रांना आजच फोन करून विचारा की ते एकमेकांना शेवटचे कधी भेटले. त्यांचे उत्तर ‘परवाच’ असे आले, तर पुण्याच्या बाजूने ते दीडपट पगारापेक्षा मोठे वजन आहे. ‘तुझ्या लग्नात’ असे आले, तर नागपुरात राहिलेल्या एखाद्या जुन्या वर्गमित्राला या रविवारी पाच वाजता तर्री पोहे खायला बोलवा आणि त्या तासाला किती गुण मिळतात ते वहीत लिहा.

तरीही पुणे पाहून यावेसे वाटले, तर शनिवार-रविवार जाऊ नका. मंगळवारी जा, सकाळी नऊ वाजता ज्या भागात घर परवडेल तेथून कंपनीच्या फाटकापर्यंत या, संध्याकाळी त्याच रस्त्याने परत जा आणि साडेआठ वाजता त्या रिकाम्या खोलीत बसून घरी फोन करा.